कोकण किनाऱ्यावर दोघांचीच निवांत रोडट्रिप काढताय? मग या चुका टाळा

अलिबागपासून खाली रेडीपर्यंत समुद्राला चिकटून गाडीनं जायचं, असा बेत हल्ली बऱ्याच जोडप्यांच्या डोक्यात असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा दोन-तीन दिवसांत गाडीत अबोलाही सुरू झालेला असतो. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, बेत हायवेच्या हिशोबानं आखलेला आणि रस्ता मात्र खाड्यांचा. इथं तुमची गाडी किती सीसीची आहे याला काही किंमत नाही, कुठं किती वाजता पोचाल ते फेरीबोट, भरती आणि खानावळीतली चूल ठरवते. ही तीन वेळापत्रकं सोडून बाकी सगळं ज्यांनी एक्सेल शीटमध्ये टाकलंय त्यांच्यासाठी हा लेख.

मॅपवर आंधळा विश्वास

मॅपला घाई असते, तुम्हाला नाहीये. त्यामुळे दिवेआगर ते दापोली टाकलं की तो बिनदिक्कत तुम्हाला समुद्र सोडून आतल्या रस्त्याला नेऊन टाकतो, आणि बाईसाहेब विचारतात समुद्र कुठंय. मुंबई-गोवा हायवे ६६ तर समुद्रापासून बराच आतून जातो हो, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, यातलं एकही गाव समुद्रावर नाही. किनाऱ्याचा रस्ता वेगळा, रेवस ते रेडी, लोक त्याला सागरी महामार्ग म्हणतात, पण महामार्ग हा शब्द ऐकून चार लेन वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. कुठं मस्त गुळगुळीत, कुठं एका एसटीपुरताच, कुठं पुलाच्या कामासाठी वळवलेला.

उपाय सोपा आहे. मॅपमध्ये शेवटचं ठिकाण एकदम टाकायचंच नाही, मधली छोटी गावं आणि जेट्टी एकेक करून स्टॉप म्हणून टाकायच्या. म्हणजे दिवेआगर, मग शेखाडी, श्रीवर्धन, बागमांडला जेट्टी, वेसवी, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै असं. दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जाणारा रस्ता अक्षरशः पाण्याच्या कडेनं जातो, तो मॅपच्या नादानं चुकवलात तर निम्मी ट्रिप वाया गेली असं मी तरी म्हणेन. आणि वेळेचं गणित ताशी तीस किलोमीटर धरून करा, चाळीस नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरे झाले, त्यातही एक आड एक दिवस गाडी हलवायचीच नाही असं ठेवलंत तर उत्तम. ऑफलाइन मॅप घरूनच डाउनलोड करून घ्या, खाडीच्या खोबणीत उतरलात की रेंज जाते म्हणजे जातेच.

फेरी गृहीत धरणं

हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. या किनाऱ्यावर मोठ्या खाड्या आहेत आणि काहींवर अजून गाडीचा पूल नाही, तिथं जंगल जेट्टी चालते, म्हणजे गाड्या नेणारी सपाट बोट. वरून खाली येताना आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड, या चार लक्षात ठेवा. मुंबईहून निघत असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो आहेच. काही खाड्यांवर पुलांची कामं निघालीत, त्यामुळे निघण्याआधी एकदा चौकशी केलेली बरी.

आता लोक काय करतात, गुहागरमध्ये व्याडेश्वराचं दर्शन, मग हेदवीचा दशभुजा गणपती, मग वेळणेश्वर, मग समुद्र, मग चहा, आणि अंधार पडल्यावर तवसाळला पोचतात तर तिथं एक कुत्रं आणि बंद तिकीट खिडकी. समोर जयगडचे दिवे दिसतायत आणि जायला रस्ता म्हणजे उलट फिरून खाडीला लांबचा वळसा. बुकिंग गणपतीपुळ्याचं, जेवण थंड, आणि चूक कोणाची यावर चर्चा. म्हणून ज्या दिवशी फेरी आहे त्या दिवशी फेरी सकाळच्या खात्यात टाका, बघण्याची ठिकाणं पलीकडं उतरल्यावर. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या रात्री मुक्कामाच्या मालकांना विचारा, "काका, शेवटची फेरी कितीला?" एवढंच. त्यांना माहीत असते, आणि इंजिनाचं काम चाललंय, शनिवारी गर्दी असते, या वेबसाइटवर नसलेल्या गोष्टीही माहीत असतात.

बोटीवर गाडी चढवताना घाबरायचं कारण नाही, पण ओहोटीला उतार जास्त असतो आणि धक्क्यावर शेवाळ असतं. शेजारी बसलेल्यानं आधीच खाली उतरून चालत जावं, चालवणाऱ्यानं पहिला गिअर, क्लच अर्धवट दाबून खेळत न बसता एका लयीत वर. ग्राउंड क्लिअरन्स कमी असलेली सेदान असेल तर बंपर घासतो, अशा वेळी बोटीवरची पोरं तिरकं घ्या म्हणून हात करतात, त्यांचं ऐकायचं. आत गेल्यावर हँडब्रेक आणि गाडी गिअरमध्येच. मग खुशाल उतरून कठड्याला उभं राहा, या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी भाग तोच आहे.

भरती-ओहोटी न बघता निघणं

हॉटेलचे रिव्ह्यू शंभर वाचतील पण भरती कितीला आहे हे एकही जण बघत नाही. आता ॲपवर मिळतं सगळं, पण रेंज नसेल तर जुना हिशोब अजून चालतो: तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण बीचवर जायचं की खानावळीत हे ठरवायला तेवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते.

याचा उपयोग काय, तर पौर्णिमेच्या सुमारास गेलात की संध्याकाळी सूर्यास्ताला पाणी खूप आत गेलेलं असतं, लांबच लांब ओली सपाट वाळू, हातात हात घालून चालायला यापेक्षा चांगलं काय. अष्टमी-नवमीला मात्र सूर्य बुडताना पाणी वर चढलेलं असतं, चालायला पट्टाच कमी राहतो, अशा दिवशी संध्याकाळ एखाद्या कड्यावर घालवा, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती किंवा रत्नागिरीजवळ आरे-वारेचा वरचा रस्ता. हेदवीच्या बामणघळीत पाण्याचा उंच फवारा बघायचाय तर उलट भरतीच हवी, ओहोटीला गेलात तर नुसती खडकातली चीर बघून परत याल आणि म्हणाल काहीच नाही तिथं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र चेष्टेची गोष्ट नाही. ती वाट खडकांवरून समुद्राच्या बाजूनं जाते, भरतीला लाटा थेट वाटेवर येतात आणि तिथं माणसं वाहून गेलेली आहेत. पुजारी किंवा दुकानदार आत्ता नको म्हणाले की नको. सेल्फीसाठी तर अजिबात नको. पोहण्याचंही तेच, गावातली पोरं ज्या जागी पाण्यात उतरत नाहीत तिथं आपण उतरायचं नाही, गणपतीपुळ्याला पाणी शांत दिसलं तरी खाली तळ एकदम खोल जातो.

गाडी वाळूत घालणं, आणि मग एक्सिलेटर दाबणं

पहिली गोष्ट, बीचवर गाडी न्यायचीच नाही. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, आणि कासवं अंडी घालतात त्या वेळासला, आंजर्ल्याला, गुहागरला तर विचारही करू नका. पण रस्ता आणि वाळू यांच्या सीमेवर पार्क करायला जाऊन रुतणारे खूप. रुतली की चाक फिरवत राहणं ही दुसरी चूक, दर सेकंदाला गाडी अजून खाली बसते. इंजिन बंद करा. चाकांच्या पुढची-मागची वाळू हातानं किंवा नारळाच्या करवंटीनं उकरा, टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत कमी करा, पायाखालच्या रबरी मॅट चाकाला टेकवून घाला, आणि हळू, अगदी हळू, ज्या बाजूनं आलात त्याच बाजूला रिव्हर्स. दोनदा प्रयत्न करून नाही निघाली तर हिरोगिरी बंद करून गावात ट्रॅक्टर शोधा, कारण भरती थांबणार नाही. पैशांवर घासाघीस पाणी टायरला लागलेलं असताना करू नये एवढंच सांगतो. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय जोरात चालवू नका, आणि खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्यानं धुऊन घ्या.

जेवणाचं न सांगता पोचणं

मोठ्या शहरात रात्री साडेदहाला जेवण मिळतं म्हणून केळशीत मिळेल असं नाही. घरगुती खानावळीत माणसं मोजून भात टाकतात. सकाळी निघतानाच पुढच्या मुक्कामाला फोन करायचा: दोघं आहोत, किती वाजेपर्यंत येऊ, व्हेज का नॉनव्हेज. हे सांगितलं की समोर ताटात जे येतं ते कुठल्याही मेनूकार्डात नसतं, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, ताजे बांगडे, वर सोलकढी. न सांगता आठला टपकलात तर मावशी उपाशी ठेवणार नाहीत, पण पिठलं-भातावर समाधान मानावं लागेल (तेही काही वाईट नसतं).

आणखी एक, दिवेआगर, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात बरीच घरं शुद्ध शाकाहारी आहेत, तिथं बंदरावरून पापलेट घेऊन जाऊन "जरा तळून द्याल का" विचारू नका. बाटलीचंही आधी विचारा. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, एक जून ते एकतीस जुलै, त्या दिवसांत ताजी सुरमई म्हणून जी मिळते ती बहुतेक बर्फातली, त्यापेक्षा खाडीतलं काय आहे ते विचारा, नाहीतर सुकटीची चटणी आणि गरम भात. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्याही बंद असतात, मेच्या शेवटीच त्याची चौकशी करून ठेवा.

दुपारी एक ते चार छोटी गावं झोपतात, पंक्चरवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत. तुम्हीही झोपा.

पेट्रोल, पैसे, ओळखपत्र

अर्धी टाकी झाली की भरायची, किनाऱ्याच्या बाजूला पंप लांब लांब आहेत. रोख पैसे ठेवा, स्कॅनर सगळीकडं आहे पण रेंज नाही. आधार कार्ड दोघांचंही बरोबर असू द्या, बऱ्याच ठिकाणी फक्त एकाचं चालत नाही.

चुकीचा आठवडा निवडणं

गणपतीत आणि शिमग्यात अख्खी मुंबई कोकणात असते, हायवे तुंबतो आणि होमस्टेवाल्यांच्या घरी स्वतःचेच पाहुणे असतात. नाताळ ते एकतीस डिसेंबर तारकर्ली-मालवणला निवांत हा शब्द विसरा. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर, त्यातही सोमवार ते गुरुवार, हे सोनं आहे. मेमध्ये आंब्यासाठी जायचं असेल तर घाम गृहीत धरा, आणि रस्त्याकडेची पेटी देवगड हापूसच असेल असं समजू नका, मुक्कामाच्या मालकांना ओळखीची बाग विचारा.

एकट्यानंच चालवणं

एकजण सतत स्टिअरिंगवर आणि दुसरा सतत मोबाइलवर, असं झालं की तिसऱ्या दिवशी चिडचिड ठरलेली. दोघांना गाडी येत असेल तर फेरी ते फेरी असं वाटून घ्या. एकालाच येत असेल तर दुसऱ्यानं रस्ता बघायचा, सूचना वळणाआधी द्यायच्या, वळण गेल्यावर नाही. किल्ला एकालाच आवडतो हेही खूप घरांत असतं, अशा वेळी दुसऱ्यानं खाली नारळपाणी पीत बसावं, त्यात प्रेम कमी होत नाही. रत्नागिरीत थिबा पॅलेसला मात्र दोघांनी जा, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इतक्या लांब आणून ठेवलं, १९१० मध्ये तो वाडा बांधला आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला, गॅलरीत उभं राहून खाडी बघताना ते आठवतंच.

रात्री चालवू नका. गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधून जाणारे रस्ते, दिवे नाहीत, रानडुक्कर आणि गुरं मध्येच. समोरून एसटी आली तर ज्याच्याकडं जागा जवळ आहे त्यानं मागं घ्यायचं, चढावर येणाऱ्याला आधी सोडायचं, आणि आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायला लाजायचं नाही.

परतीला घाट चढायचा असतो, कुंभार्ली, आंबा, गगनबावडा किंवा आंबोली, तो दिवसाच चढा, आणि पावसाळ्यात आदल्या दिवशी विचारून घ्या, दरड पडली की घाट बंद असतो. चढावर टेंपरेचरचा काटा वर गेला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. कोल्हापूर-साताऱ्याकडून येणाऱ्यांना हाच घाट पहिल्या दिवशी उतरायचा असतो, त्यांनी ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकला जळका वास आला की थांबा, वर पाणी ओतू नका, चाकं आपोआप गार होऊ द्या, तोवर टपरीवर चहा घ्या.