जुन्या पेंटियमवर आजचं रोजचं काम: पावत्या, हिशेब आणि मराठी टायपिंग

आडतीच्या दुकानात, जिनिंगच्या ऑफिसात किंवा घरच्या माळ्यावर पेंटियम थ्री किंवा पेंटियम फोर पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला एक काम ठरवून द्या. एकच, फार तर दोन. पावती छापायला, खतावणी ठेवायला आणि मराठी मजकूर टाइप करायला १९९९ साली जेवढा वेग पुरायचा, तेवढा आजही पुरतो. शिवाय जुन्या मशीनला मागे प्रिंटरचा २५ पिनांचा पॅरलल पोर्ट असतो. तीन प्रतींची पावती ठोकून काढणाऱ्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला तोच लागतो.

इंटरनेटचं काम मात्र त्याला सांगू नका. विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, त्यामुळे बँकेचं काम त्यावर करणं म्हणजे तिजोरी उघडी टाकून गावाला जाणं. पेंटियम थ्रीच्या प्रोसेसरमध्ये एसएसई-२ हा सूचनासंच नाही, म्हणून आजचे ब्राउझर त्यावर सुरूच होत नाहीत. नेटची कामं मोबाइलवर करा आणि या मशीनला नेटची वायर लावूच नका. फाइलींची ने-आण पेनड्राइव्हने होते.

आधी झाकण उघडा

बरीच वर्षं बंद असलेल्या मशीनचा प्लग थेट बोर्डात खुपसू नका. आधी धूळ काढा. जिनिंगजवळच्या मशीनमध्ये हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर रुईच्या तंतूंचा थर गोधडीसारखा बसलेला असतो. नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या मशीनमधून लाल पूड निघते, तेव्हा नाका-तोंडाला रुमाल बांधून मशीन अंगणात न्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भरमसाट फिरला तर बेअरिंग जातं.

मग प्रोसेसरच्या आसपासचे उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर नीट पाहा. डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकटा दिसला, तर तो गेला. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांत हा दोष सर्रास सापडतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त चालतील, आणि दुकानदाराकडे १०५ अंशाचे ‘लो ईएसआर’ असंच मागा. साधा कपॅसिटर इथे तापतो आणि काही महिन्यांत पुन्हा फुगतो.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बोर्डाला जोडण्याआधी वेगळा तपासा. त्याला एक जुनी हार्ड डिस्क भार म्हणून लावा, २० पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर काळीला तारेच्या तुकड्याने जोडा आणि मग स्विच चालू करा. मल्टिमीटरवर लाल वायरला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, पिवळीला ११.४ ते १२.६ आणि नारिंगीला ३.१४ ते ३.४७ दिसायला हवेत. याबाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदला. त्याचं झाकण उघडून आत हात घालू नका, बंद असतानाही आतला मोठा कपॅसिटर जबर झटका देतो.

बोर्डावरची गोल बॅटरी सीआर२०३२ म्हणजे ३ व्होल्टची. २.७ च्या खाली आली की बदला, नाहीतर प्रत्येक वेळी तारीख मागे जाते आणि पावत्यांवर भलतंच साल छापलं जातं. मशीन त्याहून जुनं, ४८६ च्या काळातलं असेल, तर बोर्डावर बहुधा निळ्या पिंपासारखी चार्जिंगची बॅटरी असते. ती चालू असली तरी कापून काढा, कारण ती गळून आजूबाजूचे तांब्याचे रेषे खाते. गळालेल्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं पांढरं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

मशीन चालू होऊन नुसतंच बीप देत असेल, तर बंद करून रॅमची पट्टी काढा. तिचे सोनेरी दात शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने घासा, भुगा झटका आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवा. बीपची तक्रार पुष्कळदा एवढ्यावर मिटते.

पेंटियम फोरची वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, प्लग काढा, मग हीटसिंक थोडं डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड असताना सरळ वर ओढलं, तर चिकटलेला प्रोसेसर लॉक असलेल्या सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी पुरे.

डिस्क बदला, पण जुनी आधी उतरवून घ्या

जुनी हार्ड डिस्क चालू आहे म्हणून तिच्यावर हिशेब ठेवू नका. यूएसबी-आयडीई जोडणीने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची रुंद पट्टीवाली जोडणी) ती नव्या कॉम्प्युटरला लावून आधी तिची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, काढा. खडखड आवाज येत असेल, तर फाइली उघडून बघत बसू नका, जेवढं चालणं उरलंय ते इमेजसाठीच वापरा.

तिच्या जागी काय लावायचं हे सिस्टिमवर ठरतं. विंडोज ९८ असेल तर आयडीई जोडणीवर ८ ते ३२ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड उत्तम. ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क पाहिली की त्या काळातले अनेक बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारे बोर्डावरचे प्रोग्रॅम, जागीच अडकतात. एक्सपीला मात्र ही कार्डं पुष्कळदा पेनड्राइव्हसारखी ‘काढता येणारी’ दिसतात आणि इन्स्टॉल करताना अडचण येते, म्हणून तिथे आयडीई-साटा कन्व्हर्टर (नव्या साटा जोडणीची डिस्क जुन्या बोर्डाला लावणारा) लावून १२० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवा. दोन्हीकडे जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) ‘मास्टर’वर ठेवायला विसरू नका.

विंडोज ९८ मध्ये ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम घालू नका. जास्त रॅम लावली की ते मेमरी कमी पडल्याची तक्रार करतं, तेव्हा पट्ट्या वाढवून नाही, काढून प्रश्न सुटतो. पेनड्राइव्ह ओळखण्यासाठी त्याला एनयूएसबी हा सामायिक ड्रायव्हर घाला आणि पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.

मराठी टायपिंग

इथे एक्सपी सरस ठरतं, कारण त्यात युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी, देवनागरी आहे, फक्त ती चालू करावी लागते. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये ‘लँग्वेजेस’ टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत खूण करा. मशीन मूळ सीडी मागेल. रीस्टार्टनंतर ‘डिटेल्स’मधून मराठी कीबोर्ड जोडा. लेखनासाठी लिब्रेऑफिस ५.४ घ्या, एक्सपीवर चालणारी ती शेवटची मालिका.

हा कीबोर्ड इन्स्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ठरलेल्या मांडणीचा, असतो. खानदेशात ‘ळ’शिवाय पान हलत नाही: जळगाव, धुळे, अमळनेर, पारोळा, केळी. तो शिफ्ट धरून ‘एन’वर मिळतो. ‘सातपुड्याच्या दऱ्या’मधला अर्धा ‘ऱ्’ हवा असेल तर शिफ्ट-‘जे’ आणि लगेच ‘डी’ दाबा. नुसता ‘जे’ दाबून केलं तर ‘दर्या’ होतं, आणि दर्या म्हणजे समुद्र. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, त्यामुळे एक्सपीच्या मंगल फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. सरळ ‘रु.’ लिहा.

कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमधल्या जुन्या फाइली तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतात. त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टांत ही वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, आणि जोडाक्षराजवळ कन्व्हर्टर हमखास चुकतो.

पावती सरकते तेव्हा

डॉट मॅट्रिक्सची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे पहिली पावती बरोबर येते, दुसरी थोडी खाली आणि पाचवी तर छिद्ररेषेवरच छापली जाते. यात प्रिंटर बिघडलेला नसतो. कागद ६ इंची असतो आणि ड्रायव्हर पानाची लांबी वेगळीच धरून चालतो, तो फरक दर पावतीला साठत जातो. एक्सपीमध्ये ‘प्रिंटर्स’च्या खिडकीत ‘फाइल’ मेनूतून ‘सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा, १० बाय ६ इंचांचा नवा फॉर्म तयार करा, त्याला नाव द्या आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये व बिलाच्या फाइलमध्ये तोच कागद निवडा. मग छिद्ररेषा पुन्हा जुळवून पाच कोऱ्या पावत्या सलग काढून बघा.

देवनागरी पावती हळू छापली जाते, कारण प्रिंटरला ती चित्र म्हणून ओळ ओळ ठिपक्यांत काढावी लागते. सीझनमध्ये गाड्यांची रांग लागली असेल तर पावती इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर वापरा, वेगातला फरक लगेच दिसेल. कार्बन प्रती फिक्या येत असतील तर आधी रिबन बदला, मग कागदाच्या जाडीची कळ प्रतींच्या संख्येप्रमाणे लावा. आणि पॅरलल केबल दोन्ही यंत्रं बंद असल्याशिवाय काढू-घालू नका, पोर्ट जळतो.

मे महिना आणि लाइट

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. २००४ नंतरचे प्रेस्कॉट जातीचे पेंटियम फोर ९० वॅटच्या घरात उष्णता टाकतात आणि तापले की स्वतःच मंदावतात. दुपारी मशीन अचानक संथ झालं, तर व्हायरस शोधण्याआधी हीटसिंक पाहा. निवड हातात असेल तर पेंटियम थ्री घ्या, तो कितीतरी कमी तापतो. कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून दूर ठेवा. यूपीएस हवाच. फाइल सेव्ह होताना लाइट गेली तर नुसती तीच पावती नाही, अख्खी फाइल बिघडू शकते.

कॉम्पॅक्ट फ्लॅश वापरत असाल तर तसंच दुसरं कार्ड घ्या. दर महिन्याच्या शेवटी पहिल्याची हुबेहूब नक्कल त्यावर उतरवा, डबीवर तारीख लिहा आणि डबी दुकानात न ठेवता घरच्या कपाटात ठेवा. वर्षातून एकदा तेच कार्ड मशीनला लावून शेवटची पावती उघडते का ते बघा.