बी.ए., एम.ए.चा इंटर्न घ्यायचा, तर काम काय द्यायचं? नाशिकच्या उद्योजकांसाठी

सातपूर-अंबडमध्ये इंटर्न म्हटलं की डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंगचा मुलगाच डोळ्यांसमोर येतो. मराठी, इतिहास किंवा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचा अर्ज आला, की "याला आपल्याकडे काय काम?" म्हणून तो बाजूला पडतो. काम भरपूर असतं. फक्त ते कुणी कागदावर मांडलेलं नसतं, म्हणून दिसत नाही.

ते शोधायची सोपी रीत आहे. आठवडाभर प्रत्येक सुपरवायझरकडे एक छोटी वही द्या. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली, एकच प्रश्न दोन माणसांनी फोनवर विचारला किंवा सूचना लावूनही कुणी पाळली नाही, तर त्याची एक ओळ लिहायची. शनिवारी वह्या गोळा करा. त्यात जे पुन्हा पुन्हा आलं असेल, ते बहुतेक वेळा ऐकण्याचं, लिहिण्याचं आणि समजावण्याचं काम असतं. कला शाखेत तीन वर्षं याचाच सराव होतो.

द्राक्ष निर्यातदाराचं उदाहरण घ्या. औषधाच्या लेबलवर पीएचआय ३० दिवस, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर ३० दिवस माल तोडायचा नाही. कार्यालय हे पत्रकात छापतं, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकतं, तरीही चूक होते. निफाड-दिंडोरीचा बागायतदार कॅलेंडर पाहून बाग चालवत नाही. तो ऑक्टोबर छाटणीपासून दिवस मोजतो. त्याच्या डोक्यात "आज साठावा दिवस" असतो आणि पत्रक तोडणीपासून उलटं मोजायला सांगतं. तोडणी १२०व्या दिवशी धरली, तर ते औषध ९०व्या दिवसानंतर बंद, असं लिहिलं की ते त्याच्या हिशेबात बसतं. छाटणी १० ऑक्टोबरची असेल, तर ९०वा दिवस ८ जानेवारीला आणि १२०वा ७ फेब्रुवारीला येतो. शेजारच्या प्लॉटची छाटणी आठवड्याने पुढे असेल, तर तारखा बदलतात, म्हणून प्रत्येक प्लॉटचं कार्ड वेगळं लागतं. हे कार्यालयात बसून सुचत नाही. बांधावर जाऊन, शेतकऱ्याला पत्रक मोठ्याने वाचायला लावून तो कुठे अडतो ते टिपणारा माणूस लागतो. कार्ड छापण्याआधी त्यातला प्रत्येक आकडा मात्र कृषी पदवीधराने तपासलाच पाहिजे. ते काम इंटर्नवर सोडू नका.

कारखान्यातही तेच. "संरक्षक आवरण अनावृत करू नये" अशी पाटी मशीनवर असते आणि सगळे कामगार त्याला गार्ड म्हणतात. "मशीन पूर्ण थांबल्याशिवाय गार्ड उघडू नका" हे वाक्य मराठीचा विद्यार्थी दोन दिवस शिफ्टवर थांबून, कामगारांचेच शब्द वापरून लिहितो. शेजारी त्याच अर्थाची हिंदी ओळ हवी, कारण परराज्यातले कामगारही ती पाटी वाचतात. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला नोकरी सोडून गेलेल्यांशी बोलायला द्या, भूगोलाच्या विद्यार्थ्याला वाहनांचे मार्ग द्या. २०२६-२७च्या सिंहस्थासाठी हॉटेलांना आणि टूरवाल्यांना रामकुंड-त्र्यंबकेश्वरची नेमकी, खरी माहिती भाविकांच्या भाषेत लागणार आहे. ते इतिहास आणि हिंदीच्या विद्यार्थ्यांचं काम.

निवड करताना टक्के पाहू नका. एखाद्या ग्राहकाच्या खऱ्या तक्रारीचे पंधरा-वीस मेसेज नावं काढून द्या. ४० मिनिटांत अर्ध्या पानावर तीन गोष्टी लिहायला सांगा: काय घडलं, काय अजून कळलेलं नाही, आणि ते कुणाला विचारायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला नीट लिहिता आलं, त्याला घ्या. मुलाखत मराठीतच घ्या. सुरगाणा-पेठची मुलं इंग्रजीत अडखळतात आणि तेवढ्यावर नापास होतात. पण त्यांच्यातल्या अनेकांना कोकणा ही आदिवासी बोली येते, कळवण-बागलाणच्या मुलांना अहिराणी येते, आणि तुमचे कामगार किंवा शेतकरी त्या भागातले असतील तर तुम्हाला नेमकं तेच हवं असतं.

वेळेचा हिशेब आधी कॉलेजशी बोलून ठरवा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला ४ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास धरले, तर १२० तास होतात, म्हणजे रोज ४ तास, आठवड्याला ५ दिवस, असे ६ आठवडे. पहिल्या आठवड्यात फक्त पाहणं, ऐकणं आणि रोज अर्धं पान टिपण. दुसऱ्यात पहिला मसुदा. तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात मोलाचा: मसुदा किमान पाच प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्यायचा आणि ते थांबले तिथे खूण करायची. पाचव्यात दुरुस्ती. सहाव्यात फाइल सोपवायची, तीही बदल करता येईल अशी. नुसती पीडीएफ ठेवून गेला, तर पुढच्या हंगामात सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

बिघडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी. इंटर्न एचआर घेतं आणि ज्या विभागात तो बसणार, त्यांना पत्ताच नसतो. मग त्याच्या वाट्याला झेरॉक्स आणि डेटा एंट्री येते. या कामामुळे ज्याचा स्वतःचा त्रास कमी होणार आहे, त्यालाच मार्गदर्शक नेमा, आणि त्याने रोज ठरलेल्या वेळी २० मिनिटं द्यायची. त्याला तेवढा वेळ नसेल, तर त्या वर्षी इंटर्न घेऊच नका. मुलाचं सत्र वाया जातं.

कागदपत्रं थोडी आहेत: कॉलेजचं पत्र, हजेरीपट, गोपनीयतेचं एक पान. विद्यार्थ्यांचा अपघात विमा आहे का, हे कॉलेजला विचारून घ्या. शॉपफ्लोअरवर सेफ्टी शूज लागतात आणि पहिल्या आठवड्यात सोबत माणूस लागतो. मशीनला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

पैशांबाबत हात आखडू नका. निदान बसभाडं आणि जेवण द्या. फुकट काम असेल, तर ज्यांचं घर शहरात आहे तेवढीच मुलं येतात आणि वसतिगृहातली मागे राहतात. मुलगा चांगला निघाला, तर पदवीनंतर त्याला शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४च्या दुरुस्तीने इंजिनिअरिंगबाहेरच्या पदवीधरांनाही जागा मिळाली. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. २०१९च्या नियमांनी पदवीधरासाठी महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. करार करण्याआधी चालू दर योजनेच्या पोर्टलवर पाहून घ्या.

छाटणीच्या कार्डासारखं काम ऑक्टोबरआधी हातात हवं असेल, तर कॉलेजला पत्र जुलैमध्येच द्या. दिवाळीच्या सुमारास सत्र परीक्षा असतात आणि तेव्हा कुणीही मोकळं सापडत नाही.