आधी आवाज, मग मॅप: कमी खर्चात ऑनलाइन आरपीजी सेशन कसं रंगवायचं

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, प्रत्येक प्लेयर एक कॅरेक्टर घेतो, सगळे मिळून गोष्ट खेळतात आणि डीएम (डंजन मास्टर) ती चालवतो. ऑनलाइन सेशन रंगत नाही असं वाटलं की बहुतेक डीएम आधी मॅप शोधायला लागतात. मी एकदा आठवडाभर खपून एका किल्ल्याचा मॅप केला होता, खोल्या, भिंती, मशाली, चोरदरवाजे सगळं, आणि सेशनच्या दिवशी एकाच्या माइकमधून सतत पंख्याची घरघर येत होती, दुसऱ्याकडून माझाच आवाज परत ऐकू येत होता, तीन तासांत एकदाही कुणाची तंद्री लागली नाही. पुढच्या सेशनला मॅप नव्हताच, फक्त सगळ्यांना हेडफोन लावायला सांगितले आणि मागे हलका पाऊस सोडला, आणि दारावर कुणीतरी तीनदा थाप मारली असं म्हटल्यावर कॉलवर एकदम शांतता पसरली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, पैसे आणि वेळ दोन्ही आधी आवाजावर घालवा, बाकी सगळं नंतर.

कारण साधं आहे, ऑनलाइन खेळताना आपल्याकडे टेबल नसतं, एकमेकांचा आवाज हेच टेबल. आणि कॉलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, त्यामुळे एक जरी माइक खराब असला तरी सगळ्यांचा मूड जातो.

तर पहिलं काम, सगळ्यांनी हेडफोन. महागडे नकोत, फोनसोबत वापरतो ते वायरवाले इअरफोनसुद्धा लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरे पडतात, कारण माइक तोंडाजवळ येतो आणि स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरत नाही, म्हणजे इको तिथेच संपला. डिस्कॉर्डवर (ग्रुपने बोलायचं-लिहायचं ॲप) खेळत असाल तर व्हॉइस सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट कापणारी सोय, चालू करा, आणि ज्याचा आवाज बारीक किंवा मोठा येतोय त्याच्या नावावर राइट क्लिक करून तेवढ्याचाच व्हॉल्यूम कमीजास्त करता येतो हे ग्रुपला सांगून ठेवा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सेशनच्या दहा मिनिटं आधी फक्त एवढंच तपासायला भेटायचं.

आता म्युझिक. स्पीकरवर लावून माइकमधून ऐकवायला जाऊ नका, नॉइज सप्रेशन त्याला गोंगाट समजून कापून टाकतं आणि पलीकडे तुटकतुटक काहीतरी पोचतं. त्यासाठी केंकू एफएम नावाचं फुकट ॲप आहे, आउलबेअर रोडिओ हे मॅपचं टूल बनवणाऱ्यांचंच, ते त्यात लावलेला आवाज बॉटमार्फत (चॅनलमध्ये आपोआप काम करणारं खातं) थेट डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनलमध्ये पाठवतं. बॉट सेट करायची थोडी खटपट आहे पण ती एकदाच करावी लागते, आणि प्लेयर्स त्या बॉटचा व्हॉल्यूम आपापल्या बाजूला कमी करू शकतात हा मोठा फायदा. (जुन्या गाइडमध्ये ग्रूव्ही आणि रिदम हे म्युझिक बॉट सांगितलेले दिसतील, ते दोन्ही २०२१ मध्ये बंद झाले, त्यात वेळ घालवू नका.) आवाजांसाठी टेबलटॉप ऑडिओ या साइटवर साधारण दहा-दहा मिनिटांचे फुकट ट्रॅक आहेत, जंगल, गुहा, बंदर, बाजार, खूप काही.

पण एका सेशनला तीनच ट्रॅक घ्या: एक निवांत जागेचा, एक प्रवासाचा, एक धोक्याचा. शब्द असलेलं गाणं अजिबात नको, आपल्या बोलण्याशी भांडतं. आणि सगळ्यात जास्त परिणाम म्युझिक लावण्याचा होत नाही, बंद करण्याचा होतो. अर्धा तास रातकिडे वाजत असतात, कुणाचं लक्षही नसतं, आणि एका वाक्याआधी ते गपकन थांबवले की सगळे कान टवकारतात, करून बघा.

वर्णन तीन वाक्यांत संपवा. कॉलवर लांबलचक वर्णन सुरू झालं की माणूस दुसरी टॅब उघडतो, यात प्लेयरचा दोष नाही. डोळ्यांना दिसणारं एखादंच सांगा, बाकी वास, आवाज, गारवा. म्हणजे असं: "खोलीत ओल्या लोकरीचा वास आहे. चूल विझलीय, पण दगड अजून कोमट आहेत. ईशाना, माळ्यावरची फळी करकरली ती तुझ्या डोक्यावर." शेवटी एका कॅरेक्टरचं नाव घेतलंय ते मुद्दाम. "मग काय करताय?" असं मोघम विचारलं की ऑनलाइन हमखास दोघं एकदम बोलतात, मग दोघंही थांबतात, "तू बोल, तू बोल" करण्यात सीन हातचा जातो. नाव घेतलं की हा घोळच होत नाही. आणि हाक कॅरेक्टरच्याच नावाने मारायची, त्यासाठी डिस्कॉर्डवर त्या सर्व्हरपुरतं (म्हणजे आपल्या ग्रुपच्या जागेपुरतं) सगळ्यांचं टोपणनाव बदलून घ्या, फुकट आहे.

एक टेक्स्ट चॅनल फक्त गंमतीजमती आणि नियमांच्या शंकांसाठी ठेवा. हसायचं, विचारायचं सगळं तिथे लिहून, व्हॉइसवर शक्यतो गोष्टच. आमच्या ग्रुपमध्ये या एका नियमाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच ॲपने पडला नाही.

हँडआउट, म्हणजे गोष्टीतलं पत्र किंवा वस्तू प्लेयरच्या हाती देणं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. पत्र टाइप करू नका, हाताने लिहा, कागद चुरगळा, दिव्याखाली फोटो काढा आणि तो एकाच प्लेयरला खाजगीत पाठवा. वाचून दाखवायचं की लपवायचं हे त्याने ठरवायचं. तो जे दोन सेकंद थांबतो ना, तिथे बाकीच्यांच्या डोक्यात शंभर शंका येतात, आणि तो ताण विकतच्या कुठल्याही मॅपमधून मिळत नाही. जुनी चित्रं, दागिने, शस्त्रं हवी असतील तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून जास्त फोटो कुणालाही कसेही वापरायला खुले केलेत, तिथे एनपीसीचे (डीएम चालवतो ती पात्रं) चेहरे शोधत बसलं की रात्र कशी जाते कळत नाही.

मॅप लागलाच तर आउलबेअर रोडिओची फुकट आवृत्ती पुरते, ब्राउझरमध्येच चालते. गाव किंवा तळघर झटपट हवं असेल तर वाताबूचे जनरेटर आहेत, एका क्लिकवर नवा नकाशा. फाउंड्री हे विकतचं मॅपचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पैसे एकदाच आणि फक्त डीएमने भरायचे असतात, पण ग्रुप आठ-दहा सेशन टिकला की मगच विचार करा. हलत्या प्रकाशाचे इफेक्ट वगैरे ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या लॅपटॉपला झेपतील तेवढेच. नियमांची पुस्तकंही लगेच घ्यायला नकोत, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या आरपीजीचा एसआरडी ५.१, म्हणजे मूळ नियमांचा संच, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहे.

कॅमेऱ्याचा हट्ट नको, नेट कमी असेल तर व्हिडिओ बंद करून आवाज वाचवा. डाइस मात्र खरे असतील तर खरेच टाका, हात माउसवरून सुटतो. आणि गुहेत शिरताना सगळ्यांनी एकदम आपापल्या खोलीतला मोठा दिवा बंद करायचा, एवढंसं काम आहे, पण वेगवेगळ्या घरात बसलेल्या पाच जणांवर एकाच क्षणी अंधार येतो.

खेळ एवढा आत शिरायला लागला की एखाद्याला एखादा प्रसंग सोसणार नाही हेही होतं, म्हणून एक्स-कार्ड, म्हणजे नकोसा प्रसंग थांबवायची खूण, ठेवाच. ऑनलाइन ते सोपं आहे, चॅटमध्ये नुसतं "एक्स" टाकायचं किंवा डीएमला खाजगीत कळवायचं, कारण न विचारता तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं.

शेवट घाईत करू नका. "चला, उशीर झाला" म्हणून धडाधड कॉल कट झाले की तीन तासांचं सगळं एका क्षणात विरतं. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, म्युझिक बंद करा, आणि प्रत्येकाला एकच विचारा: आज रात्री डोळे मिटण्याआधी तुझ्या कॅरेक्टरच्या मनात काय आहे? उत्तरं लिहून घ्या, पुढच्या वेळी सुरुवात त्यातल्याच एका वाक्याने करा.