समूहगानात मुलं शेवटपर्यंत गात राहावीत म्हणून काही खेळ

चार ते आठ वर्षांची वीस-पंचवीस मुलं सतरंजीवर बसवली, पेटी उघडली आणि ‘म्हणा माझ्यामागे’ म्हटलं की पहिली दोन कडवी छान जातात. तिसऱ्या कडव्याला कुणीतरी सतरंजीचे दोरे उपसू लागतं, कुणी शेजाऱ्याच्या बुटाची नाडी सोडतं. गाताना काम असतं ते फक्त गळ्याला. हात, पाय आणि डोळे मोकळेच राहतात, ते आपापला उद्योग शोधून काढतात. तो उद्योग आपणच द्यायचा, पण एका अटीवर: खेळ गाण्याच्या आत हवा. मूल गायचं थांबलं की त्याचा खेळही अडला पाहिजे. मुलं खिदळताहेत पण गात नाहीत असं दिसलं, तर तो खेळ कितीही गोड असो, बाजूला ठेवा.

खेळाआधी पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला गाण्याचा सा धरायचा ते. निम्मा बेशिस्तपणा चुकीच्या पट्टीतून येतो. शिकवणाऱ्या ताई स्वतःच्या सोयीने काळी चारला (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला) सा लावून खालच्या अंगाने गातात. तिथे लहान मुलांचे खालचे सूर लागतच नाहीत, मग ती एकतर बोलल्यासारखं म्हणतात नाहीतर किंचाळतात. गाणं ‘सा’ ते ‘ध’च्या आत फिरत असेल तर मुलांसाठी पांढरी दोन ठीक. चाल खालच्या ‘प’पर्यंत उतरत असेल तर पांढरी चार घ्या. शिकवणारे सर असतील तर मुलं त्यांचा खर्ज पकडायला जातात आणि घोगरी होतात. अशा वेळी पेटीवर वरचं सप्तक वाजवा आणि मोठ्या गटातल्या एखाद्या मुलीला पहिली ओळ म्हणायला लावा.

बसवायचं अर्धगोलात, जास्तीत जास्त दोन ओळींत, उंच मुलं मागे. सोसायटीच्या हॉलमध्ये फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत आणि मुलं आणखी जोर लावतात. जाड सतरंजी अंथरली आणि खिडक्यांचे पडदे ओढले तरी पुष्कळ फरक पडतो. पेटी समोर नको, थोडी तिरकी ठेवा. मुलांना तुमचं तोंड दिसलं पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी गळे आखडलेले असतात, तेव्हा पहिली दोन-तीन मिनिटं ओठ मिटून नुसता ‘म्’ धरायला सांगा. वरचे सूर नंतर.

आता खेळ. सगळ्यात भरवशाचा आहे शब्द गाळायचा. त्यासाठी चार ओळी आणि दिसणारे प्राणी-वस्तू असलेलं कुठलंही गाणं चालतं. नमुन्याला केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) बसणाऱ्या या ओळी घ्या:

गोदाकाठी आला वारा
छत्री माझी उडून गेली
माकड झाडावरुनी आले
छत्री घेउन पळून गेले

एकदा सगळं नीट म्हणून घ्या. दुसऱ्या फेरीत ‘छत्री’ म्हणायचं नाही, डोक्यावर दोन्ही हातांनी छत्री करायची. तिसऱ्या फेरीत ‘छत्री’सोबत ‘माकड’ही गेलं, चौथ्यात ‘वारा’. हमखास बिघडतं ते लयीत. गाळलेल्या शब्दाची जागा मुलांना रिकामी वाटते, म्हणून ती पुढच्या शब्दावर उडी मारतात आणि चौथ्या फेरीपर्यंत गाणं धावू लागतं. उपाय म्हणजे मांडीवरची थाप. शब्द गेला तरी थाप जात नाही. थाप तुम्ही स्वतः द्या आणि लहानांना आधी तेवढीच धरायला लावा. चारपेक्षा जास्त फेऱ्या नकोत, पाचव्या फेरीला माकडाच्या नकला उरतात.

सहा वर्षांपुढच्यांना याच्या पुढची पायरी झेपते. तुमची मूठ उघडी असताना मुलांनी मोठ्याने गायचं, मूठ मिटली की तीच ओळ मनात, मूठ उघडली की पुन्हा मोठ्याने. सगळे एकाच शब्दावर, त्याच सुरात परत आले तर गाणं बसलं समजा. सुरुवातीला अर्धीच ओळ मिटा. पूर्ण कडवं मिटलं तर लहानांचा धागा सुटतो आणि ती शेजाऱ्याकडे बघत बसतात.

आवाज आवरायला पंख्याचा रेग्युलेटर उत्तम. तुम्ही बोटं दाखवायची, एक ते पाच. दोनवर सुरू करा, तीनवर न्या, एकदम एकवर आणा. मात्र एक म्हणजे कुजबुज नव्हे. कुजबुजीत सूर नसतो आणि गळा उगाच शिणतो, म्हणून ‘बाळ झोपलंय पण गाणं ऐकतंय’ असं सांगा. पाचचा प्रश्न वेगळा. मानेच्या शिरा फुगवून ओरडण्याची ती सरकारी परवानगीच होते. आपला रेग्युलेटर चारवर अडकतो असं पहिल्या दिवशीच जाहीर करा. मुलांना ते पटतं. घरोघरी तसा एखादा असतोच.

लांब सुरासाठी ओढणी. जुन्या शिफॉनच्या ओढणीचे हातभर चौकोनी तुकडे कापा. तुकडा वर उडवायचा आणि तो जमिनीला टेकेपर्यंत ‘आ’ धरायचा. सुती रुमाल धपकन पडतो, त्यात मजा नाही. पंखा बंद करायला विसरू नका, नाहीतर तुकडे तरंगत राहतात आणि मुलं श्वास कोंडून लाल होतात. ज्याचा श्वास आधी संपला त्याने गुपचूप पुन्हा घ्यायचा. ‘कोण जिंकलं’ हा प्रश्न विचारूच नये.

तालासाठी इथल्या स्टेशनांची नावं हाताशी आहेत. घोटीला दोन टाळ्या, देवळालीला तीन, इगतपुरीला चार. मुलं रांगेत एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गाडी करतात. तुम्ही नाव घेतलं की थांबून तितक्या टाळ्या, मग गाणं पुढे. लय बदलायची असेल तर ‘कसाऱ्याचा घाट’ म्हणा, गाडी हळू, गाणंही हळू. इगतपुरी आली की पुन्हा मूळ वेग. वीसपेक्षा जास्त मुलांची एकच गाडी करू नका. शेपटीकडच्यांना तुमचा आवाज पोचत नाही आणि तिथे लय तुटते, दहा-दहाच्या दोन करा. ढोल मात्र आणू नका. नाशिक ढोलाचा ठेका इथल्या पोरांच्या अंगात आहे हे खरं, पण बंद हॉलमध्ये पहिल्या ठोक्यालाच गाणं संपतं.

चूक पकडायचा खेळ फक्त तोंडपाठ गाण्यावर खेळा. ‘माकड’च्या जागी ‘उंट’ म्हणा. कळलं त्याने हात वर करायचा, तोंडाने गाणं चालूच ठेवायचं. ओरडून चूक दाखवली तर धरायची नाही. कच्च्या गाण्यावर हे केलंत तर पुढचे दोन आठवडे उंटच छत्री नेईल.

खुळखुळे घरी होतात: 200 मिलीची कोरडी प्लास्टिकची बाटली, त्यात चहाचे दोन चमचे मूग, झाकणावर टेपचे तीन वेढे. अर्धी बाटली भरली तर आवाज बसतो. वीस मुलांत पाच-सहाच पुरे, ध्रुवपदाला वाजवायचे, कडव्याला मांडीवर ठेवायचे, मग पुढच्याकडे. प्रत्येकाच्या हातात दिले तर गाणं ऐकूच येत नाही. सोबत आलेलं तीन वर्षांखालचं भावंड असेल तर टेप तपासा, मूग नाकात किंवा घशात जायला वेळ लागत नाही.

अर्ध्या तासाच्या वर्गात नवीन गाण्याला आठ-दहा मिनिटं आणि नवा खेळ एकच. नवं गाणं आणि नवा खेळ एकत्र कधीच नको. आधी खेळ जुन्या गाण्यावर शिकवा.

न गाणाऱ्या मुलाला नाव घेऊन उभं करू नये. त्याला रेग्युलेटर दाखवायचं काम द्या. आकडा केव्हा बदलायचा हे ठरवायला त्याला गाणं ऐकावंच लागतं. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला ओठ हलू लागतात, न हलले तर आणखी थांबा.

गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर न्यायचं असेल तर ओढण्या आणि खुळखुळे घरी ठेवा, रेग्युलेटरची बोटं तेवढी सोबत असू द्या, तुम्ही समोर खाली उभे राहून दाखवा. दोन माइक स्टँडवर, पुढच्या ओळीपासून एक मीटरवर, मुलांच्या कपाळाच्या उंचीला. हातात माइक कुणालाच देऊ नका. ज्याला मिळतो तो एकटा गातो आणि बाकीचे माइक आपल्याकडे कधी येतो याची वाट बघत गप्प उभे राहतात.