दारूची सवय आहे का व्यसन? घरच्यांनी कसं ओळखायचं

"मी श्रावण पाळतो, मग मी बेवडा कसा?" हे ऐकलं की घरचे गप्प बसतात. महिनाभर बंद ठेवली हे चांगलंच, पण त्यावरून व्यसन नाही असं ठरत नाही. तो महिना कसा गेला ते बघा. सारखी चिडचिड, झोप नाही, आणि श्रावण संपल्या संपल्या पहिल्याच बैठकीत सगळी भरपाई, असं असेल तर पाणी मुरतंय.

क्वार्टर लागते का नाईंटी एवढंच मोजत बसू नका. डॉक्टरही नुसत्या मापावरून ठरवत नाहीत. त्यांच्याकडे 11 निकष असतात, जसं की ठरवलेल्यापेक्षा जास्त पिणं होतं का, कमी करायचे प्रयत्न फसतात का, तलफ येते का, कामाची नि घराची वाट लागूनही चालूच आहे का, पूर्वी जेवढ्यात चढायची तेवढ्यात आता चढत नाही का, नाही घेतली तर हात थरथरतात का. गेल्या 12 महिन्यांत यातले 2-3 बसले तर सौम्य, 4-5 मध्यम, 6 किंवा जास्त तर तीव्र.

घरी विचारायला चार सोपे प्रश्न आहेत. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी त्यावरून बोललं की डोकं फिरतं का? पिण्याबद्दल मनाला खातं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन "हो" आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. पण विचारायचं ते सकाळी शुद्धीत असताना, चारचौघांत नाही, आणि "दारुडा" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, नाहीतर बोलणं तिथंच संपलं.

खरा घोळ मनाचा असतो. गाडीच्या डिकीत बाटली लपवणारा माणूस "कंट्रोलमध्ये आहे" म्हणतो तेव्हा दरवेळी तो मुद्दाम खोटं बोलतो असं नाही, त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास बसलेला असतो. बायको कटकट करते म्हणून पितो, ऑफिसचं टेन्शन आहे म्हणून पितो, कारण कायम बाहेरचं. लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला की तो तर सर्टिफिकेटसारखा दाखवला जातो, आता लिव्हरच्या रिपोर्टवरून व्यसन कसं कळणार हो? कधीकधी आत डिप्रेशनही असतं, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा.

एक गोष्ट मात्र डोक्यात फिट करा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस बरळायला लागतो, जिवावरही बेतू शकतं. असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे जा. 14416 वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, किंवा व्यसनमुक्तीसाठीच्या 14446 वर, दोन्ही फुकट आहेत.