दगडीत अँटिबायोटिक देताना या चुका टाळा

म्हशीच्या सडातून गाठी पडल्या की मेडिकलवरून मागच्या वेळचंच इंजेक्शन आणलं जातं. दगडी, म्हणजे कासदाह, वेगवेगळ्या जिवाणूंनी होतो. मागे लागू पडलेलं औषध या वेळी पडेलच असं नाही. म्हणून पहिल्या डोसआधी दुधाचा नमुना काढा. सड धुवून कोरडा करा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडा आणि पुढचं दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फावर प्रयोगशाळेत पोहोचवा. औषध दिल्यावर घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा जिवाणू वाढतच नाहीत. जनावर फार आजारी असेल तर डॉक्टर अहवालासाठी थांबणार नाहीत, तरी नमुना आधीच काढलेला हवा.

सडात औषधाची ट्यूब सोडण्यातली घाई सगळ्यात महागात पडते. कास पूर्ण रिकामी केली नाही तर औषध उरलेल्या दुधात पातळ होतं. नोजल पूर्ण आत खुपसलं तर सडाचं आतलं अस्तर दुखावतं आणि टोकावरची घाण आत ढकलली जाते. 3 ते 4 मिलिमीटर आत गेलं तरी पुरे. एक ट्यूब दोन सडांत अर्धी-अर्धी करू नका. नंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच वैरण टाका. जनावर अर्धा तास उभं राहिलं की सडाचं तोंड मिटायला वेळ मिळतो.

डोस वजनावर ठरतो, तो डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका. छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या इंचातल्या लांबीने गुणा आणि 660 ने भागा. घेर 75 आणि लांबी 60 असेल तर वजन सुमारे 511 किलो येतं. अशा म्हशीला 350 किलो वजनाच्या हिशोबाने डोस दिला तर चिवट जिवाणू मागे उरतात. दुसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसलं म्हणून औषध बंद केल्यानेही हेच होतं, आणि महिन्याभरात तोच सड पुन्हा सुजतो.

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या गोठ्यात खुंटीला टांगलेली औषधाची पिशवी त्याहून तापते. बहुतेक बाटल्यांवर 25 किंवा 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. त्या घरात, सावलीच्या कपाटात ठेवा. दुपारी धापा टाकणाऱ्या जनावराला ताप समजून लगेच अँटिबायोटिक टोचू नका. आधी सावली आणि पाणी द्या, अंगावर पाणी मारा, मग तापमान पुन्हा मोजा.

आता दुधाचं. ट्यूब एका सडात दिली तरी औषध रक्तातून चारही सडांत उतरतं, म्हणून चारही सडांचं दूध बाजूला काढा. उकळल्याने बहुतेक अँटिबायोटिक नष्ट होत नाहीत. ते दूध पारडालाही पाजू नका. त्या दुधाला विरजण लागत नाही, याचं कारणही हेच. दूध न वापरण्याचे लेबलवर लिहिलेले दिवस शेवटच्या डोसपासून मोजा. भारतात 2012 च्या नियमाप्रमाणे, एखाद्या औषधाचा असा काळ तपासून ठरवलेला नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस धरावे लागतात. त्या म्हशीच्या पायाला लाल पट्टी बांधा, तिला सगळ्यात शेवटी वेगळ्या बादलीत पिळा आणि शेवटच्या डोसची तारीख-वेळ गोठ्याच्या भिंतीवर लिहा, म्हणजे संध्याकाळी दुसरं कोणी धार काढायला बसलं तरी ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाणार नाही.