डोंगरउतारावरचे जंगल आणि वाहून जाणारे पाणी : या चुका टाळा

मेळघाटात आणि गाविलगडच्या पायथ्याच्या गावांत पाणलोटाचा, म्हणजे एका नाल्याला पाणी देणाऱ्या सगळ्या उताराचा, आराखडा करताना "झाडे वाढली की नाल्याचे पाणी वाढते" असे सरसकट धरले जाते. पहिली चूक इथेच होते. झाड मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे हवेत सोडते आणि पानांवर अडकलेला थोडा पाऊसही तिथूनच उडून जातो, त्यामुळे जंगल दाट झाले की वर्षभरात पाणलोटाबाहेर जाणारे एकूण पाणी बहुधा घटते. बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी १९८२ मध्ये ९४ प्रायोगिक पाणलोटांच्या नोंदी एकत्र तपासल्या. वृक्षांचे आच्छादन १० टक्क्यांनी बदलले, तर वार्षिक प्रवाहात पानझडी वृक्षांमुळे सुमारे २५ मिलिमीटर आणि नीलगिरी व सूचिपर्णी (पाइनसारख्या सुईसारख्या पानांच्या) वृक्षांमुळे सुमारे ४० मिलिमीटर उलट फरक पडतो, असे त्यांना आढळले. त्यामुळे पिण्याच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला नीलगिरीची लागवड करू नये. चांगल्या जंगलाचा खरा लाभ पाणी सावकाश आणि स्वच्छ येण्यात आहे, आणि तो जमिनीच्या पृष्ठभागावर ठरतो.

हा पृष्ठभाग न पाहणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टरपेक्षा मोठ्या क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता १० टक्के असली, तरी ते वनाच्छादनात मोजले जाते. त्या छत्राखाली पालापाचोळा आहे की उघडा मुरूम, हे नकाशा सांगत नाही. सागाचे उदाहरण घ्या. त्याच्या रुंद पानावर पावसाचे थेंब एकत्र होतात आणि आठ-दहा मीटरवरून टपकताना मूळ थेंबांपेक्षा मोठे होऊन जमिनीवर आदळतात. खाली गवत, झुडपे आणि कुजलेला पाला असेल, तर हा मार तिथेच जिरतो. नसेल, तर मातीची बारीक छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी उताराने पळते. मोठ्या सागाखाली मुळे उघडी पडलेली आणि प्रत्येक खड्याखाली मातीचा छोटा खांब उरलेला दिसला, तर तेथील माती वाहून जात आहे असे निश्चित समजावे.

हा पाला बहुतेक ठिकाणी आपणच जाळतो. मोहफुले वेचायला सोपे जावे किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून मार्च-एप्रिलमध्ये लावलेली आग डोंगरभर पसरते आणि जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या जमिनीवर पडतो. वेचणाऱ्यांची अडचण खरी आहे, त्यामुळे नुसती बंदी घालून भागत नाही. झाडाखालचा पाला हाताने बाजूला सारणे, खाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरणे, तेंदूच्या झुडपांची छाटणी करणे आणि जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) वेळेत साफ करणे हे पर्याय ग्रामसभेने हंगामाआधीच ठरवावेत. गुरांच्या रोजच्या वाटांनी दबलेली जमीनही अशीच पाणी नाकारते.

यावर उपाय म्हणून चांगल्या झाडोऱ्यात सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे) खोदणे म्हणजे मुळे तोडून जमीन उघडी करणे होय. चर उघड्या, बरड उतारावर घ्यावेत आणि समपातळी रेषा यंत्राने किंवा ए-फ्रेमने (ओळंबा लावलेल्या 'A' आकाराच्या लाकडी चौकटीने) आखावी, कारण नजरेने आखलेला चर सखल टोकाला फुटतो आणि तिथे नवी घळ पडते.

दुसऱ्या बाजूने, जंगलावर अवाजवी भार टाकणेही चूकच आहे. बसाल्टवरची उथळ माती सततच्या पावसाने एकदा तुडुंब भरली की पुढची अतिवृष्टी दाट जंगलही थोपवू शकत नाही. त्यामुळे नाल्याकाठची घरे आणि सांडव्याची रुंदी यांचा विचार वेगळा करावा.

दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा दोन-तीन बोटे जमिनीत ठोकून त्यात मोजून पाणी ओतावे आणि जिरायला लागलेला वेळ लिहावा. पाल्याखाली, जळालेल्या जागी आणि गुरांच्या वाटेवर ही चाचणी एकाच दिवशी करावी, म्हणजे ओलीचा फरक आड येत नाही. पावसाळ्यात नाल्याच्या पक्क्या खडकावर पातळीच्या खुणा रंगवाव्यात आणि पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळात कोणत्या खुणेपर्यंत उतरले व किती गढूळ होते, हे वहीत नोंदवावे. तासाभरात नाला ओसरत असेल आणि पाणी मातकट असेल, तर नवीन रोपे मागवण्याआधी वरच्या उतारावर जाऊन झाडांखालची जमीन तपासावी.